विश्लेषण : कसारा घाटात गाडी अडकली, तर क्वांटम संगणक मोखाड्याची शेवटची एसटी गाठून देईल का?

दरड कोसळली, मालगाडीचे डबे घसरले किंवा ओव्हरहेड वायर तुटली, की रेल्वेचे छापील वेळापत्रक त्या दिवसापुरते बाद होते. कोणती गाडी आधी सोडायची, कोणती रद्द करायची, कोणत्या लोको पायलटला कुठे पाठवायचे हे सारे काही मिनिटांत नव्याने ठरवावे लागते. या कामासाठी क्वांटम संगणक वापरता येईल का, याचे प्रयोग पोलंड, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये झाले आहेत. रेल्वेचा रूळ नसलेल्या जव्हार-मोखाड्यालाही हा विषय थेट लागू पडतो. तो कसा, याचा हा आढावा.

रेल्वे नसलेल्या तालुक्यांचा रेल्वेशी संबंध काय?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. डहाणू-नाशिक रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे, पण आजचा प्रवास एसटी, जीप आणि पायपीट यांवरच चालतो. तरीही इथल्या माणसाची रेल्वेशी रोज गाठ पडते. जव्हारहून विक्रमगड, मनोरमार्गे पालघर गाठायचे आणि पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची, हा एक रस्ता. मोखाडा, खोडाळा भागातील लोकांसाठी विहिगावमार्गे कसारा आणि तिथून मध्य रेल्वेची लोकल, हा दुसरा. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडी, कल्याणकडे जाणारी कुटुंबे, शहरातील रुग्णालयात निघालेले रुग्ण, वसतिगृहातून घरी येणारे विद्यार्थी हे सगळे या दोन वाटांनी ये-जा करतात.

त्यामुळे रेल्वेचा उशीर इथे एसटीपर्यंत पोहोचतो. मुंबईत लोकल चुकली तर काही मिनिटांत दुसरी मिळते. कसाऱ्याला उशिरा उतरलेल्याची शेवटची गाडी निघून गेली असेल, तर पुढची सकाळी. मधली रात्र स्थानकावर काढायची किंवा परवडत नसताना खासगी जीप ठरवायची.

असे प्रसंग खरोखर किती गंभीर असतात?

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २८ मे २०२४ रोजी सायंकाळी पालघर स्थानकाजवळ लोखंडी कॉइल नेणाऱ्या मालगाडीचे डबे घसरले. मुंबई-सुरत मार्गावरील वाहतूक कोलमडली, विरार-डहाणू लोकलसेवा विस्कळीत झाली आणि दुसऱ्या दिवशीही अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या. विरार ते डहाणू या टप्प्यात लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांना वर्षानुवर्षे दोनच मार्गिका वाटून घ्याव्या लागल्या. तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी-३ प्रकल्पात घेतली आहे, ती याच कारणाने.

दुसरा प्रसंग जुलै २०२१ मधला. २१ जुलैच्या रात्री अतिवृष्टीमुळे उंबरमाळी-कसारा परिसरात रुळांवर पाणी आले आणि घाटात दरड कोसळली. कसारा-इगतपुरी मार्ग बंद पडला, लांब पल्ल्याच्या गाड्या जागोजागी अडकल्या आणि प्रवाशांना हलवण्यासाठी बसगाड्या मागवाव्या लागल्या. म्हणजे रेल्वे बंद पडते तेव्हा तिचा भारही शेवटी रस्त्यावरच्या गाड्यांवर येतो.

एक गाडी थांबली की नेमके काय बिघडते?

प्रवाशाला एकच गाडी दिसते. प्रत्यक्षात ती चालवण्यासाठी अनेक गोष्टी एका वेळी एका जागी जुळाव्या लागतात. मोकळी मार्गिका हवी, फलाट हवा, इंजिन हवे, डब्यांचा रेक हवा, लोको पायलट आणि त्याचा सहायक हवा, ट्रेन मॅनेजर म्हणजे पूर्वीचा गार्ड हवा.

कसारा घाटात यात आणखी एक भर पडते. या घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा फार मोठा चढ आहे. त्यामुळे इगतपुरीकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिने जोडतात. ती वर पोहोचल्यावर सुटी होतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली यावी लागतात. दोन्ही टोकांना इंजिन असलेली राजधानी किंवा वंदे भारत यांना बँकर लागत नाहीत, पण त्या अपवाद आहेत.

आता समजा, घाटातील तीनपैकी एक मार्गिका दोन तास बंद पडली. वर गेलेले बँकर वेळेवर खाली येत नाहीत. ते नाहीत म्हणून कसाऱ्याची एक्स्प्रेस सुटत नाही. तिने मार्ग अडवला म्हणून मागची गाडी खर्डी किंवा आसनगावजवळ थांबते. त्या गाडीचा रेक संध्याकाळी दुसऱ्या सेवेसाठी लागणार होता, तीही सेवा लांबते. सकाळचा दोन तासांचा अडथळा रात्रीपर्यंत पसरतो तो असा. रूळ मोकळा झाला तरी विस्कटलेली जुळणी आपोआप परत बसत नाही.

चालकांचे गणित वेगळे का?

इंजिन चार तास उभे राहिले तरी पुढे चालते. माणसाचे तसे नसते. लोको पायलटची सलग चालन-ड्युटी साधारणपणे ९ तासांपेक्षा जास्त नसावी, असा रेल्वेचा नियम आहे. अडचणीच्या वेळी मर्यादित वाढीची सोय असते. पुढच्या ड्युटीआधी ठरावीक विश्रांतीही द्यावीच लागते. गाडी घाटाखाली उभी असली तरी चालकाचे घड्याळ चालूच असते.

त्यातून एक विचित्र अवस्था येते. मार्ग मोकळा आहे, इंजिन तयार आहे, प्रवासी बसलेले आहेत, पण चालकाचे तास संपले. बदली चालक इगतपुरीच्या लॉबीत हजर आहे आणि त्याला इथे आणणारी गाडीच मागे अडकली आहे. शिवाय कोणताही चालक कोणत्याही मार्गावर चालत नाही. त्या मार्गाची, तिथल्या सिग्नलांची आणि चढ-उतारांची ओळख त्याने रीतसर करून घेतलेली असावी लागते. घाटासाठी तर ही अट फारच महत्त्वाची. म्हणूनच गाड्यांचे वेळापत्रक आधी आणि चालकांचे नंतर, असे दोन वेगळे तुकडे केले तर कागदावर जमणारे उत्तर प्रत्यक्षात अडते. दोन्ही कोडी एकत्र सोडवावी लागतात आणि तिथेच ती अवघड होतात.

आज हे निर्णय कोण घेते?

विभागीय नियंत्रण कक्षातील सेक्शन कंट्रोलर. त्याच्यासमोर आपल्या पट्ट्यातील गाड्यांचा आलेख असतो. कुठली गाडी कुठे आहे, हे संगणक दाखवतो. चालकांच्या ड्युटीची नोंद क्रू मॅनेजमेंट सिस्टीम या प्रणालीत असते. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने या प्रणाली उभ्या केल्या आहेत. मात्र ‘आता ही गाडी रोखा, ती पुढे काढा’ हा निर्णय बहुतांशी अनुभवावर होतो. अनुभवी कंट्रोलर दोन-तीन पावले पुढचे नेमके ओळखतो. पण आठव्या गाडीवर आणि रात्रीच्या चालकावर आपल्या निर्णयाचा काय परिणाम होईल, हे फोन खणखणत असताना पाहणे कोणालाही कठीण आहे.

साधा संगणक कुठे अडतो?

पर्यायांच्या संख्येवर. एकाच मार्गिकेवरून १० गाड्या एकामागून एक सोडायच्या असतील, तर त्यांचे क्रम ३६ लाख २८ हजार ८०० प्रकारे लागू शकतात. गाड्या २० झाल्या, तर ही संख्या १९ आकडी होते. त्यात फलाट, बँकर आणि चालक मिळवले, की सगळे पर्याय एकेक करून तपासण्याचा विषयच संपतो.

अर्थात साधे संगणकही सगळे पर्याय तपासत बसत नाहीत. निरुपयोगी पर्यायांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाजूला टाकण्याच्या चांगल्या गणिती पद्धती गेल्या काही दशकांत तयार झाल्या आहेत. नेदरलँड्सच्या रेल्वेने अशाच पद्धतींनी आपले पूर्ण वेळापत्रक, गाड्या आणि कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या नव्याने आखल्या. त्या कामाला २००८ मध्ये या क्षेत्रातील प्रतिष्ठेचा फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या मदतीने रेल्वेने शून्याधारित वेळापत्रकाचे काम केले.

पण वेळापत्रक आखायला महिने मिळतात. गाडी अडकल्यावर हातात मिनिटे असतात. चांगले उत्तर अर्ध्या तासाने आले, तर तोवर गाड्या पुढे सरकलेल्या असतात आणि कोडे बदललेले असते. क्वांटम संगणकाकडे डोळे लागले आहेत ते या घाईच्या वेळेसाठी.

क्वांटम संगणकाला हा प्रश्न कसा सांगतात?

सगळे कोडे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा छोट्या प्रश्नांत फोडून. उदाहरणार्थ, पहिली एक्स्प्रेस ८ वाजून १० मिनिटांनी घाट चढेल का? चढणार असेल तर १, नसेल तर ०. ती ८ वाजून १५ मिनिटांनी चढेल का? पुन्हा १ किंवा ०. अमुक चालक या गाडीवर जाईल का? १ किंवा ०.

मग प्रत्येक चुकीला दंड लावायचा. दोन गाड्या एकाच वेळी एकाच मार्गिकेवर आल्या, तर जबर दंड. चालकाचे तास मर्यादेबाहेर गेले, तर जबर दंड. एका गाडीला दोन चालक मिळाले किंवा एकही मिळाला नाही, तरी दंड. याखेरीज प्रत्येक गाडीच्या उशिराच्या प्रत्येक मिनिटाला थोडा थोडा दंड. सगळ्या दंडांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ते उत्तर सर्वांत चांगले. संगणकाने शून्य आणि एक यांची अशी मांडणी शोधायची. सुरक्षा मात्र या बेरजेवर सोडलेली नसते. सिग्नल आणि इंटरलॉकिंगची यंत्रणा वेगळी राहते. सुचवलेला आराखडा चुकीचा निघाला, तरी एका रुळावर दोन गाड्या सोडू न देण्याचे काम तीच करते.

आणि तो उत्तर शोधतो कसे?

‘क्वांटम संगणक सगळे पर्याय एकाच वेळी तपासतो,’ असे वाक्य नेहमी वाचायला मिळते. ते दिशाभूल करणारे आहे. साध्या संगणकातील बिट ० किंवा १ असतो. क्वांटम संगणकातील क्युबिट मोजेपर्यंत या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, हे खरे. पण मोजल्यावर हाती एकच उत्तर येते. ते चांगले यावे, यासाठी वाईट उत्तरांची शक्यता एकमेकींना छेदून कमी होईल आणि चांगल्यांची वाढेल, अशी रचना आधी करावी लागते. कौशल्य आहे ते त्या रचनेत.

सध्या दोन पद्धती वापरात आहेत. पहिली क्वांटम अनीलिंग. डोंगराळ मुलुखात सर्वांत खोल दरी शोधायची आहे असे समजा. उताराने वाहणारे पाणी वाटेतल्या एखाद्या खळग्यात साचून राहते, पलीकडे अधिक खोल दरी असली तरी त्याला ती सापडत नाही. साध्या शोधपद्धतीचेही असेच होते, अर्थात त्यातून बाहेर पडण्याच्या तिच्याही काही युक्त्या आहेत. क्वांटम अनीलिंगमध्ये मधला उंचवटा पार होण्याची एक वेगळी, क्वांटम नियमांनी येणारी शक्यता असते. दुसरी पद्धत क्वांटम आणि साधा संगणक यांच्या जोडीची. क्वांटम संगणक उत्तरे सुचवतो, साधा संगणक ती तपासून ‘बटणे’ थोडी फिरवतो आणि पुन्हा विचारतो. अशा अनेक फेऱ्यांनंतर उत्तर सुधारत जाते.

जगात प्रयोग कुठे झाले?

पोलंडमधील संशोधकांनी एकेरी मार्गावरील गाड्यांचे कोडे कॅनडातील डी-वेव्ह कंपनीच्या अनीलिंग यंत्रावर सोडवून पाहिले. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांपैकी कोणाला स्थानकात थांबवायचे, हा प्रश्न होता. त्यासाठी पोलंडमधील खऱ्या मार्गांची माहिती घेतली होती. लहान कोड्यांना वापरण्याजोगी उत्तरे मिळाली. कोडे वाढले, तसा यंत्रातील त्रुटींचा परिणाम उत्तरांत दिसू लागला.

जर्मनीच्या रेल्वेने केंब्रिज क्वांटम या कंपनीबरोबर विस्कळीत गाड्यांचे वेळापत्रक पुन्हा बसवण्याचा प्रयोग केला, त्याची माहिती २०२२ च्या सुरुवातीला जाहीर झाली. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेल आणि तिथल्या परिवहन खात्याबरोबर ऑस्ट्रेलियाच्या क्यू-कंट्रोल कंपनीने लंडन ब्रिज या गजबजलेल्या स्थानकातील गाड्या, रूळ आणि फलाट यांचे कोडे क्वांटम यंत्रावर मांडले. त्यात हाताळलेला तुकडा होता सुमारे दोन डझन गाड्यांचा आणि २० मिनिटांहून कमी वेळेचा.

हे प्रयोग महत्त्वाचे आहेत, पण त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. एखादे रेल्वे-कोडे क्वांटम यंत्रावर मांडता येते आणि उत्तर मिळते, इतके त्यांतून सिद्ध झाले. उत्तम साध्या संगणकापेक्षा ते अधिक चांगले किंवा अधिक लवकर मिळते, हे पूर्ण आकाराच्या रेल्वे-जाळ्यासाठी अद्याप कोणी दाखवलेले नाही.

भारत आणि महाराष्ट्र यात कुठे आहेत?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असून ५० ते १,००० क्युबिटचे संगणक तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. मोहिमेच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संगणनाचे बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत, तर क्वांटम संवेदन आणि मापनाचे आयआयटी मुंबईत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या सहकार्याने तयार झालेल्या ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले.

कसारा घाटासाठी किती क्युबिट लागतील?

ढोबळ हिशेब करू. समजा, अडथळ्यानंतरच्या अडीच तासांत २० गाड्या घाटातून काढायच्या आहेत आणि वेळेचे ५-५ मिनिटांचे ३० तुकडे केले. प्रत्येक गाडीसाठी ‘या तुकड्यात जाईल का?’ असे ३० प्रश्न, म्हणजे एकूण ६००. हाताशी १५ चालक असतील, तर ‘हा चालक या गाडीवर का?’ असे आणखी ३००. एकूण ९०० हो-नाही प्रश्न झाले. बँकर, फलाट आणि चालकांच्या तासांची मर्यादा यांचे वेगळे. आणि हा फक्त एका घाटाचा, अडीच तासांचा हिशेब आहे.

डी-वेव्हच्या अॅडव्हान्टेज यंत्रात ५ हजारांहून अधिक क्युबिट आहेत. मग ९०० सहज बसतील, असे वाटेल. पण त्यातील प्रत्येक क्युबिट फक्त १५ इतरांशी जोडलेला असतो. आपल्या कोड्यात मात्र एका गाडीचा संबंध जवळपास सगळ्या गाड्यांशी येतो. ही जोडणी साधण्यासाठी एका प्रश्नाला अनेक क्युबिटांची साखळी वापरावी लागते आणि ५ हजारांची जागा झपाट्याने भरते. साखळ्या लांबल्या, की चुकाही वाढतात. म्हणून आज व्यवहारात कोड्याचे तुकडे करून त्यांतला सर्वांत गुंतागुंतीचा भागच क्वांटम यंत्राला द्यायचा आणि उरलेला साध्या संगणकाने सोडवायचा, अशा मिश्र पद्धतीकडे कल आहे.

जव्हार आगाराचे कोडे यापेक्षा वेगळे आहे का?

आकाराने लहान, पण जातीने तेच. मुक्कामी एसटीचेच पाहा. संध्याकाळी गाडी गावात जाते, चालक आणि वाहक तिथेच रात्र काढतात आणि सकाळी तीच गाडी शाळा-कॉलेजची मुले, दूधवाले, बाजारकरी यांना घेऊन तालुक्याला येते. इथे गाडी आणि चालक एकमेकांना बांधलेले आहेत. संध्याकाळची गाडी उशिरा सुटली, तर चालकाची विश्रांती कमी होते किंवा सकाळची फेरी लांबते. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ मध्ये कामाचे तास साधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ इतके ठरवलेले होते. पावसाळ्यात तोरंगण घाटात किंवा जव्हारच्या वळणांवर दरड आली, की एका गाडीचा उशीर दुसऱ्या गावाच्या सकाळपर्यंत पोहोचतो.

फरक एवढाच, की १० चालक आणि १० फेऱ्यांचे कोडे साध्या संगणकावर डोळे मिटण्याआधी सुटते. त्यासाठी क्वांटमची गरज नाही. गरज आहे ती रेल्वे आणि एसटी या दोघांचे घड्याळ एका हिशेबात आणण्याची.

यंत्राला कोणाचा उशीर मोजायला सांगायचा?

या विषयातला खरा वादाचा मुद्दा हाच आहे आणि तो यंत्राने सुटत नाही. वर पाहिल्याप्रमाणे संगणक दंडांची बेरीज कमी करतो. कोणत्या उशिराला किती दंड, हे माणूस ठरवतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कसाऱ्याची लोकल २५ मिनिटे उशिरा येत आहे. तिच्यात खोडाळ्याकडे जाणारे १२ जण आहेत. स्थानकाबाहेर शेवटची एसटी उभी आहे आणि तिच्यात ३० प्रवासी आधीच बसले आहेत. हिशेब फक्त ‘गाडी वेळेवर सुटली का?’ असा असेल, तर थांबण्याचा दंड २५ आणि निघून जाण्याचा शून्य. जगातला सर्वांत वेगवान संगणकही सांगेल : सोडा.

आता प्रवाशांची मिनिटे मोजू. एसटी थांबवली, तर ३० जणांची २५-२५ मिनिटे जातात, एकूण ७५०. सोडली, तर १२ जणांना सकाळपर्यंत, समजा ९ तास, थांबावे लागते. त्यांची मिनिटे होतात ६,४८०. तोच संगणक आता सांगेल : थांबा. यंत्र तेच, माहिती तीच, उत्तर उलटे. चालकाची विश्रांती आणि सकाळची फेरी हिशेबात घेतली, तर थांबण्याची मर्यादा किती असावी, हेही त्यातून ठरवता येते.

रेल्वेतही असेच होते. घाटाखाली एक्स्प्रेस, लोकल आणि मालगाडी उभ्या असताना प्राधान्यक्रम एका पद्धतीने लावला तर एक्स्प्रेस आधी जाते. पण तिला उशीर झालेलाच आहे आणि त्याच वेळी मागच्या लोकलमधून उतरणाऱ्यांची पुढची शेवटची गाडी चुकणार आहे, ही माहिती सूत्रात नसेल तर तिचा विचार होणार नाही. लांबच्या तालुक्यातील प्रवासी संख्येने थोडे असतात, म्हणून साध्या बेरजेतही ते मागे पडू शकतात. ‘ही दिवसातील शेवटची जोडणी आहे’ याला वेगळे वजन दिले, तरच त्यांची रात्र हिशेबात येते.

अर्थात याचीही दुसरी बाजू आहे. प्रत्येक जोडणीसाठी गाडी थांबवू लागलो, तर उशीर पसरतच जाईल. एसटीत बसलेल्या ३० जणांमध्येही कोणी आजारी असेल, कोणाला पुढे तासभर अंधारात चालायचे असेल. त्यामुळे हे वजन किती असावे, हे नियंत्रण कक्षात ऐन वेळी नव्हे, तर आधी, उघडपणे आणि प्रवाशांशी बोलून ठरायला हवे.

मग आत्ता काय करता येईल?

क्वांटम संगणकाची वाट न पाहता तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली, गाडीच्या उशिराची माहिती एसटीच्या वाहतूक नियंत्रकापर्यंत आपोआप पोहोचणे. गाड्यांची चालू स्थिती रेल्वेकडे असते, बसगाड्यांचा मागोवा घेणारी जीपीएस यंत्रणा एसटीनेही आणली आहे. या दोन्ही माहितीची सांगड घालण्यासाठी साधा संगणक पुरतो. दुसरी, कसारा, पालघर आणि डहाणू रोड येथून सुटणाऱ्या शेवटच्या गाड्या रेल्वेच्या उशिरासाठी किती मिनिटे थांबतील, याचा नियम ठरवून तो स्थानकावर आणि मोबाइलवर लावणे. १५ मिनिटे असतील तर १५, पण प्रवाशाला ते आधी कळले पाहिजे. तिसरी, शेवटची गाडी किती जणांची आणि कितीदा चुकली, याची नोंद ठेवणे.

ही नोंद तिसऱ्या क्रमांकावर असली, तरी क्वांटमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. उद्या १,००० क्युबिटचे यंत्र आले आणि रेल्वेने ते कसारा घाटासाठी वापरायचे ठरवले, तर त्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो माहितीचा. मार्गिका, बँकर आणि लोको पायलट यांची माहिती रेल्वेकडे असेल. खोडाळ्याच्या बसस्टॉपवर रात्री कोण उतरले नाही, याची नोंद कोणाकडे नसेल, तर त्या सूत्रात मोखाडा तालुक्याच्या जागी शून्यच लिहिले जाईल.